कालवडीची वाढ: कानातले हार्मोन इम्प्लांट काय करते आणि खुराक काय करतो

परदेशातील गोठ्यांचे व्हिडिओ आता सगळ्यांच्याच मोबाइलवर येतात. त्यात वासराला लोखंडी खोड्यात अडकवतात, कानाच्या मागच्या बाजूला पिस्तुलासारख्या अवजाराने काहीतरी टोचतात आणि सोडून देतात. खाली लिहिलेले असते की या गोळीने वाढ झपाट्याने होते. असा व्हिडिओ पाहिला की गोठ्यातल्या मागे पडलेल्या कालवडीकडे लक्ष जाते. दीड-दोन वर्षांची झाली, छाती भरलेली नाही, माजाचा पत्ता नाही. मग शेतकरी विचारतात, हीच गोळी आपल्याकडे मिळते का?

दुधासाठी सांभाळायच्या कालवडीला ही गोळी देऊ नये. पण एवढ्यावर विषय संपवला तर कोणीतरी दुसरी बाटली विकायला येतो. म्हणून ही गोळी नेमकी काय करते आणि ती कुठे निरुपयोगी ठरते, हे समजून घेतलेले बरे. ते समजले की आपल्या कालवडीची वाढ कशात अडकली आहे तेही कळते.

इम्प्लांट म्हणजे काय

इम्प्लांट म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, दाबून घट्ट केलेल्या काही गोळ्या. त्या कानाच्या मागच्या बाजूला, मधल्या भागात, कातडी आणि कूर्चा यांच्या मध्ये सरकवतात. तिथून त्या हळूहळू विरघळतात आणि प्रकारानुसार दोन-तीन महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत थोडे थोडे हार्मोन रक्तात सोडतात. कानच का, तर कत्तलीनंतर कान टाकून दिला जातो आणि उरलेली गोळी माणसाच्या खाण्यात येत नाही.

त्यात हार्मोनचे तीन गट असतात. इस्ट्रोजेन गटात इस्ट्राडायोल येते, तसेच झेरॅनॉल हे त्याच्यासारखे काम करणारे रसायन येते. दुसरे प्रोजेस्टेरॉन. तिसऱ्या गटात टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्यासारखे काम करणारे कृत्रिम ट्रेनबोलोन. लहान वासरांसाठीच्या एका प्रचलित इम्प्लांटमध्ये १०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन आणि १० मिलिग्रॅम इस्ट्राडायोल बेन्झोएट असते. झेरॅनॉलच्या इम्प्लांटमध्ये ३६ मिलिग्रॅम औषध असते.

अमेरिकेत हा प्रकार १९५० च्या दशकात सुरू झाला. सुरुवातीला डीईएस नावाचे कृत्रिम इस्ट्रोजेन खाद्यातून आणि नंतर गोळीतूनही दिले जात होते. हेच औषध गरोदर स्त्रियांनाही दिले जायचे. त्यांच्या मुलींमध्ये योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग आढळल्याचे १९७१ मध्ये समोर आले आणि १९७९ मध्ये अमेरिकेने जनावरांतील त्याचा वापर थांबवला. झेरॅनॉलला १९६९ मध्ये आणि ट्रेनबोलोनला १९८७ मध्ये तिथे मान्यता मिळाली. आज अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या देशांत मांसाच्या जनावरांसाठी इम्प्लांट चालतात. युरोपीय संघाने मात्र वाढीसाठी हार्मोन वापरण्यावर १९८० च्या दशकात बंदी घातली आणि १९८९ पासून असे मांस आयात करणेही बंद केले. त्यावरून अमेरिका आणि युरोप यांचे भांडण जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेले आणि अनेक वर्षे चालले. दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ आपापल्या निष्कर्षांवर ठाम आहेत. आपला प्रश्न त्यापेक्षा साधा आहे.

ही गोळी प्रामुख्याने कोणाला देतात? खच्ची केलेल्या गोऱ्ह्यांना आणि मांसासाठी वाढवायच्या कालवडींना. खच्चीकरणाने गोऱ्ह्याच्या शरीरातले नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन संपते आणि मांस धरण्याचा वेग कमी होतो. ती कमतरता इम्प्लांट काही प्रमाणात भरून काढते. म्हणूनच पैदाशीसाठी ठेवायच्या वळूला ते देत नाहीत. दूध देणाऱ्या गाईसाठी तर त्याला अमेरिकेतही मान्यता नाही. थोडक्यात, हे तंत्र कत्तलीच्या वजनासाठी आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. तेव्हा ज्या हिशेबावर हे तंत्र उभे आहे, तो हिशेबच आपल्याकडे लागू होत नाही.

पोट रिकामे असेल तर हार्मोन काय करणार

आता मुद्द्याचे. शरीराची वाढ ग्रोथ हार्मोनने होते, हे शाळेत शिकलेले असते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते सोडते. पण हे हार्मोन हाड आणि मांस वाढवण्याचे बरेचसे काम स्वतः करत नाही. ते यकृताला निरोप देते आणि यकृत आयजीएफ-१ नावाचा दुसरा पदार्थ तयार करते. हाडाच्या टोकाशी, स्नायूच्या पेशींत प्रत्यक्ष वाढीला चालना देतो तो हा आयजीएफ-१.

यकृत हा निरोप केव्हा ऐकते? जनावराला ऊर्जा आणि प्रथिने पुरेशी मिळत असतील तेव्हा. उपाशी किंवा अर्धपोटी जनावराच्या रक्तात ग्रोथ हार्मोन कमी नसते, उलट जास्त असते. पण यकृत त्याला दाद देत नाही आणि आयजीएफ-१ खाली येतो. शरीराच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. जेवढे मिळते त्यात आधी जीव सांभाळायचा, वाढ नंतर.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कडब्यावर ठेवलेली, हाडे दिसणारी कालवड "हार्मोन कमी" म्हणून मागे पडलेली नसते. तिच्या रक्तात ग्रोथ हार्मोन भरपूर असते, कमी असतो तो चारा-खुराक. अशा कालवडीला बाहेरून आणखी हार्मोन देणे म्हणजे डिझेल संपलेल्या ट्रॅक्टरचा स्टार्टर पुन्हा पुन्हा मारण्यासारखे आहे.

इम्प्लांटमधले इस्ट्रोजेन ग्रोथ हार्मोन आणि आयजीएफ-१ वाढवते. ट्रेनबोलोन स्नायूतल्या प्रथिनांची झीज कमी करते आणि स्नायू भरण्याचे काम वाढवते. पण स्नायू भरायला अमिनो आम्ले लागतात आणि ती खाद्यातूनच येतात. म्हणूनच अमेरिकेतल्या विस्तार कार्यकर्त्यांचा पशुपालकांना नेहमीचा सल्ला असतो की इम्प्लांटचा फायदा हा मूळ वाढीच्या टक्क्यांत मिळतो. दूध पिणाऱ्या वासरात तो साधारण ४ ते ६ टक्के, चांगल्या कुरणावरच्या जनावरात १० ते १५ टक्के आणि धान्यावर बांधून वाढवलेल्या जनावरात त्याहून थोडा जास्त मिळतो. चराई इतकी निकृष्ट असेल की जनावर दिवसाला अर्धा किलोसुद्धा वाढत नाही, तिथे गोळीचे पैसेही निघणे कठीण. ज्या देशांत इम्प्लांट सर्रास चालते, तिथेही आधी चारा आणि मग गोळी असाच क्रम आहे.

आपल्या कालवडीचा हिशेब

एचएफ संकरित कालवड धरा. जन्माचे वजन ३० किलो. पहिल्यांदा भरवण्यासाठी (रेतनासाठी) लागणारे वजन सुमारे २७० किलो. म्हणजे जन्मापासून २४० किलो वाढ व्हायला हवी.

दिवसाला सरासरी ५५० ग्रॅम वाढ मिळाली तर ती ४३६ दिवसांत, म्हणजे साडेचौदा महिन्यांत या वजनाला येते. नऊ महिने गाभणकाळ धरला तर दोन वर्षांच्या आसपास पहिले वेत.

दिवसाला ३०० ग्रॅमच वाढ मिळाली तर तेवढ्याच वजनाला ८०० दिवस लागतात, म्हणजे सव्वीस महिने. पहिले वेत जवळपास तीन वर्षांनी. आपल्याकडच्या अनेक गोठ्यांत हेच चालले आहे आणि त्याची कुठे नोंदही होत नाही, कारण कालवडीचे वजन कोणी करत नाही.

आता क्षणभर असे समजू की ३०० ग्रॅम वाढणाऱ्या या कालवडीला इम्प्लांटने १५ टक्के जादा वाढ मिळाली. प्रत्यक्षात एवढ्या कमी आहारावर ती मिळणार नाही, पण समजू. १५ टक्के म्हणजे ४५ ग्रॅम. वाढ ३४५ ग्रॅम झाली, दिवस ८०० वरून ६९५ वर आले. साडेतीन महिने वाचले. आहार सुधारून ५५० ग्रॅम मिळवले तर बारा महिने वाचतात.

खर्चाचेही बघा. अर्धपोटी कालवडीचा दिवसाचा खर्च ७० रुपये धरला तर ८०० दिवसांचे ५६ हजार होतात. नीट खुराक दिलेल्या कालवडीचा ११० रुपये धरला तर ४३६ दिवसांचे ४८ हजारांच्या आत बसतात. हे दर उदाहरणादाखल आहेत, तुमच्या भागातले दर घालून हाच गुणाकार करा. "दूध देत नाही तिला खुराक कशाला" हे वाक्य ज्या घरात चालते, त्या घरात कालवड सर्वात महाग पडते.

कालवडीला इम्प्लांट दिले तर नुकसान काय

फायदा कमी, एवढेच असते तर "देऊन बघू" म्हणता आले असते. पण ज्या कालवडीकडून पुढे वासरू आणि दूध घ्यायचे आहे, तिच्यात बाहेरचे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन किंवा ट्रेनबोलोन घालणे म्हणजे तिच्या प्रजनन संस्थेच्या घडणीत हात घालणे. जन्मानंतर लगेच प्रोजेस्टेरॉन-इस्ट्राडायोलचे इम्प्लांट दिलेल्या मांसाच्या जातींच्या कालवडींची मोठेपणी तपासणी झाली, तेव्हा गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथी कमी भरल्या. गर्भ रुजण्यापूर्वी त्याचे पोषण याच ग्रंथींच्या स्रावावर होते. ट्रेनबोलोनमुळे कालवड वयात यायला उशीर होतो. आपला सगळा आटापिटा कालवड लवकर माजावर यावी म्हणून चाललेला असतो आणि औषध नेमके उलटे करते.

अमेरिकेत पैदाशीसाठी ठेवायच्या मांसाच्या जातींच्या कालवडीला काही सौम्य इम्प्लांट एकदाच, साधारण दोन महिने वयानंतर आणि दूध तोडण्यापूर्वी, देण्याची मुभा आहे. तिथलेही अनेक सल्लागार सांगतात की कोणती कालवड ठेवायची हे आधीच ठरले असेल तर तिला गोळी न दिलेलीच बरी.

पहिले साठ दिवस

मग वाढ कशाने मिळवायची? पहिली गोष्ट चीक. वासरू जन्मल्यावर तासाभरात, उशिरात उशिरा दोन तासांत पहिला चीक पोटात गेला पाहिजे आणि पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या १० टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर. चिकातली रोगप्रतिकारक प्रथिने आतड्यातून जशीच्या तशी रक्तात जाण्याची सोय फक्त पहिल्या दिवसापुरती असते आणि तीही तासागणिक कमी होत जाते. वार पडायची वाट बघत चीक थांबवण्याची पद्धत अजून काही गावांत आहे. ती वासराच्या मुळावर येते. वार पडायला कधी बारा तासही लागतात, वासराला तेवढा वेळ नसतो.

दुसरी गोष्ट दूध. वजनाच्या १० टक्के दूध हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे. त्यावर वासरू जगते, पण फारसे वाढत नाही. शक्य असेल तिथे दुसऱ्या आठवड्यापासून ते १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार लिटरपर्यंत, दोन-तीन वेळांत विभागून न्यावे. दीड लिटर जादा आणि साठ दिवस, म्हणजे नव्वद लिटर दूध डेअरीला कमी जाईल. हे जिवावर येते, मान्य. पण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१२ मधल्या अभ्यासात असे आढळले की दूध तोडण्यापूर्वीच्या रोजच्या वाढीत एक किलोचा फरक असेल तर पहिल्या वेतात सुमारे ८५० किलो दुधाचा फरक पडतो. रोजच्या वाढीत २०० ग्रॅमचा फरक पाडता आला तर त्या हिशेबाने १७० किलो. तो कळप होल्स्टिनचा होता, सोयी वेगळ्या होत्या, त्यामुळे हाच आकडा आपल्या गोठ्यात जसाच्या तसा मिळेल असे मी म्हणणार नाही. पण या साठ दिवसांत पोटात गेलेले दूध वाया जात नाही, एवढे त्यातून स्पष्ट दिसते.

तिसरी गोष्ट वासराचा खुराक, म्हणजे काफ स्टार्टर. पहिल्या आठवड्यानंतर मूठभर ठेवायला सुरुवात करा. वासराचे पहिले पोट (रूमेन) जन्मतः लहान आणि गुळगुळीत असते. त्याच्या आत शोषणासाठी बारीक बोटांसारखे उंचवटे तयार व्हायला धान्याच्या आंबण्यातून निघणारी आम्ले लागतात. नुसत्या वैरणीने पोट मोठे होते, पण ही बोटे वाढत नाहीत. नुसत्या कडब्यावर टाकलेली, पोट सुटलेली आणि पाठ खपाटीला गेलेली वासरे आपण पाहतो, त्याचे एक कारण हे असते आणि दुसरे जंत.

घरी स्टार्टर करायचा तर १०० किलोसाठी मका भरडा ५० किलो, सोयाबीन पेंड ३० किलो, गहू भुसा १७ किलो, खनिज मिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो. यातून सुमारे २० टक्के प्रथिने मिळतात. सरकी पेंड इतक्या लहान वासराला देऊ नका, तिच्यातल्या गॉसिपॉलचा त्रास रूमेन तयार नसलेल्या वासराला जास्त होतो. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड तर कोणालाच नको. स्वच्छ पाणी पहिल्या आठवड्यापासून समोर असावे. दूध पाजले म्हणजे पाणी पाजले असे होत नाही, पाण्याशिवाय स्टार्टर खाल्ला जात नाही. वासरू सलग तीन दिवस रोज एक किलो स्टार्टर खाऊ लागले की दूध तोडायला हरकत नाही. वयापेक्षा ही खूण जास्त भरवशाची.

जंतनाशकाचा पहिला डोस दहाव्या ते चौदाव्या दिवशी. गोलकृमी आईच्या दुधातूनही वासरात येतात, म्हैशीच्या पारडांत तर फारच. पुढे सहा महिने दर महिन्याला आणि नंतर शेण तपासून. औषध आणि मात्रा पशुवैद्यकाला विचारून, वजनावर ठरवावी.

तीन ते बारा महिने: विसरलेली कालवड

दूध पिणाऱ्या वासराकडे घरातल्या बाई लक्ष देतात, गाभण कालवडीकडे मालक लक्ष देतो. मधल्या काळातली कालवड मात्र गोठ्याच्या कोपऱ्यात, गाईंच्या पुढ्यातून उरलेल्या कुट्टीवर असते. वाढ अडकते ती इथेच.

साधारण १५० किलोच्या कालवडीला ५०० ते ५५० ग्रॅम वाढीसाठी रोज असे काही लागते: मका किंवा संकरित नेपियरची हिरवी कुट्टी ८ किलो, लसूणघास ३ ते ४ किलो, कडबा कुट्टी १ किलो, १८ ते २० टक्के प्रथिनांचा खुराक सव्वा किलो आणि खनिज मिश्रण २५ ग्रॅम. लसूणघास नसेल तर खुराक थोडा वाढवावा किंवा त्यातली पेंड वाढवावी. हिरव्या चाऱ्याऐवजी चांगला मुरघास चालतो, पण सहा महिन्यांच्या आतल्या वासराला तो बेताने. युरिया प्रक्रिया केलेला चारा सहा महिन्यांच्या आत अजिबात नको.

ज्यांच्याकडे खुराक भरपूर आहे, त्यांच्यासाठी उलटी सूचना. तीन महिने ते वयात येईपर्यंतच्या काळात कासेतली दूध तयार करणारी ऊती शरीरापेक्षा वेगाने वाढत असते. डेन्मार्कमधल्या १९८० च्या दशकातल्या कामापासून हे वारंवार दिसले आहे की या काळात भारी जातींच्या कालवडी फार जोरात वाढवल्या, तर कासेत दुधाच्या ऊतीपेक्षा चरबी जास्त भरते. होल्स्टिनसारख्या मोठ्या जातीतही ७०० ते ८०० ग्रॅमच्या वर जाऊ नये, असे त्यामुळे सांगितले जाते. आपल्या मध्यम आकाराच्या संकरित कालवडीला ५०० ते ६५० ग्रॅम पुरे. प्रदर्शनात मिरवायला गुबगुबीत केलेली कालवड पहिल्या वेताला निराश करते, ती यामुळेच. शंका असेल तर शेवटच्या बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना मोजता येऊ नयेत.

उन्हाळ्यात चारा टंचाईमुळे वाढ थांबलेली कालवड पावसाळ्यात हिरवा चारा मिळाल्यावर झपाट्याने वाढते. टंचाईत तग धरलेले शरीर चारा येताच भरपाई करून घेते. सहा महिन्यांपुढच्या कालवडीत दोन-अडीच महिन्यांची ओढाताण अशी बरीचशी भरून निघते. पहिल्या तीन महिन्यांतली उपासमार मात्र पुरती भरून निघत नाही. तेव्हा चारा मोजका असेल तर तो आधी कोणाला द्यायचा हे यावरून ठरवा.

माज वयावर नाही, वजनावर

कालवड वयात येते ती प्रौढ वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्क्यांना. भरवायची ६० टक्क्यांच्या आसपास. तुमच्या गोठ्यातल्या तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गाईचे वजन ४५० किलो असेल तर तिच्या कालवडीसाठी २७० किलो. गीर, खिल्लार किंवा जर्सी संकरित असेल तर तिच्या आईच्या वजनावरून हिशेब करा, दुसऱ्याच्या गोठ्यातला आकडा उचलू नका.

इथे हार्मोनचा एक रास्त उपयोग सांगायला हवा, कारण त्याचीच सरमिसळ होते. माजाचे नियोजन करण्यासाठी पशुवैद्यक प्रोजेस्टेरॉनचे साधन योनीमार्गात काही दिवस ठेवतात किंवा प्रोस्टाग्लँडिन, जीएनआरएच अशी इंजेक्शने देतात. हा उपचार आहे, वाढीचे औषध नव्हे, आणि तो तपासणीनंतरच करायचा असतो. प्रोस्टाग्लँडिन तर बीजांडावर पीतपिंड असेल तरच काम करते आणि गाभण जनावराला चुकून दिले तर गर्भ पडतो. १८० किलोच्या कालवडीला माजावर आणण्याच्या खटपटीत पैसे जातात. माज दिसला तरी ती गाभ धरत नाही आणि धरलाच तर विताना अडते.

बाटलीतले "वाढीचे इंजेक्शन"

विनालेबल बाटली, "टॉनिक आहे, सगळे देतात" असे सांगून दिलेले इंजेक्शन घेऊ नका. आत काय आहे हे विकणारा लिहून देत नसेल तर प्रश्न तिथेच मिटला. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईड असेल तर वर सांगितलेले सगळे धोके त्यालाही लागू आहेत. पान्ह्यासाठी चोरून दिले जाणारे ऑक्सिटोसिन तर वाढीशी संबंधितच नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असे काहीही टोचणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. कॅल्शियम, जीवनसत्त्वे, यकृताची औषधे यांना आपापली जागा आहे, पण खुराकाच्या जागी ती उभी राहू शकत नाहीत.

वजनाची टेप

काटा नसला तरी शिवणकामाची टेप पुरते. कालवड सपाट जागेवर सरळ उभी करा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बाजूच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर ५२ इंच आणि लांबी ४४ इंच असेल तर ५२ × ५२ × ४४ ÷ ६६०, म्हणजे सुमारे १८० किलो. अंदाजात थोडा फरक राहतो, पण दर महिन्याला त्याच माणसाने, सकाळी चारा-पाण्याच्या आधी मोजले तर दोन मापांतली वाढ कळायला हे पुरेसे आहे.

महिन्याला १५ किलो वाढ म्हणजे दिवसाला ५०० ग्रॅम. सलग दोन महिने १० किलोच्या आत वाढ दिसली तर आधी जंत, मग खुराकातली प्रथिने, मग गोचीड आणि त्यातून येणारा थायलेरियासारखा ताप, या क्रमाने शोध घ्या. बहुतेक वेळा पहिल्या दोन गोष्टींतच उत्तर सापडते. तसे न झाल्यास कालवडीच्या मापांची वही घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. चार महिन्यांचे आकडे समोर असले की डॉक्टरांनाही निदान करणे सोपे जाते.